एमजी-१३२: प्रोटिआसोम अडवणारं रसायन कशाला घ्यावं आणि कुठे थांबावं

घडी नीट न बसलेलं प्रोटीन पेशी ओळखते, त्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रोटीनची साखळी चढवते आणि त्याला प्रोटिआसोमकडे, म्हणजे प्रोटीन कापून टाकणाऱ्या यंत्राकडे, पाठवते. हा निचरा सुरळीत चालू असतो तोवर सदोष प्रोटीन ब्लॉटवर (प्रोटीनं वजनानुसार वेगळी करून अँटीबॉडीने दाखवणाऱ्या चाचणीत) फारसं दिसतच नाही, कारण एकीकडे ते तयार होत असतं आणि दुसरीकडे संपत असतं. ते बघायचं असेल तर निचरा थोडा वेळ अडवावा लागतो. त्यासाठी प्रयोगशाळांमध्ये वर्षानुवर्षं सगळ्यात आधी हात जातो तो एमजी-१३२ कडे. हे परीक्षण त्याचंच आहे. सस्तन प्राण्यांच्या पेशींच्या कल्चरमध्ये वेस्टर्न ब्लॉटसाठी वापरताना ते काय देतं, काय बिघडवतं, आणि त्याच्या जागी दुसरं काही कधी घ्यावं, एवढंच इथे बघायचं आहे.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. ‘हे प्रोटीन प्रोटिआसोमच्या वाटेने जातं का?’ या पहिल्या प्रश्नासाठी याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. प्रोटिआसोमच्या इतर इनहिबिटरांपेक्षा (अडवणाऱ्या रसायनांपेक्षा) ते स्वस्त आहे, दोन-चार तासांत परिणाम दाखवतं आणि धुऊन काढलं की परिणाम उतरतो. पण बँड गडद झाला म्हणजे प्रोटीन सदोषच होतं, किंवा आता ते सुधारलं, असा निष्कर्ष या एका रसायनावर काढता येत नाही. ‘काम करत नाही’, ‘पेशी मेल्या’, ‘युबिक्विटिनचा ब्लॉट कोरा आला’ या नेहमीच्या तक्रारी बहुतेक वेळा मालाबद्दल नसतात. मात्रा, वेळ किंवा लायसिस बफर (पेशी फोडण्याचं द्रावण) यांपैकी काहीतरी चुकलेलं असतं.

रेणू कसा आहे

तीन ल्युसिन एकापुढे एक, एका टोकाला कार्बोबेन्झॉक्सीची टोपी आणि दुसऱ्या टोकाला अल्डिहाइड. रेणुभार ४७५.६. प्रोटिआसोमचा २०एस गाभा म्हणजे सात-सात उपघटकांची चार कडी, आणि कात्र्या आतल्या दोन बीटा कड्यांमध्ये असतात: बीटा-१, बीटा-२ आणि बीटा-५. तिन्ही ठिकाणी कापण्याचं काम साखळीच्या अगदी सुरुवातीचं थ्रिओनिन करतं. एमजी-१३२ चं अल्डिहाइड या थ्रिओनिनच्या हायड्रॉक्सिलला जाऊन चिकटतं, मुख्यतः बीटा-५ मध्ये. हा बंध सुटू शकतो, म्हणूनच धुतल्यावर प्रोटिआसोम पुन्हा चालू होतो.

नावातलं ‘एमजी’ मायोजेनिक्स या कंपनीवरून आलं आहे. केनेथ रॉक, आल्फ्रेड गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली याच जातीची पेप्टाइड अल्डिहाइडं वापरून दाखवलं, की पेशीतल्या बहुतेक प्रोटीनांचं विघटन प्रोटिआसोमच करतो आणि एमएचसी वर्ग-१ या पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रोटीनांवर मांडले जाणारे पेप्टाइडचे तुकडेही तिथूनच येतात. त्याच वाटेने पुढे बोर्टेझोमिब हे औषध आलं आणि २००३ मध्ये अमेरिकेत मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी मंजूर झालं.

आता खरी अडचण. परीक्षानळीत शुद्ध प्रोटिआसोमवर हे रसायन नॅनोमोलर मात्रेत काम करतं. पेशींवर मात्र साधारणपणे १० मायक्रोमोलर टाकावं लागतं, कारण अल्डिहाइडचं पेशीत झपाट्याने ऑक्सिडीकरण होऊन निष्क्रिय आम्ल बनतं. आणि १० मायक्रोमोलरवर ते प्रोटिआसोमपुरतं थांबत नाही. सिस्टीनच्या जोरावर कापणारी एन्झाइमंही अल्डिहाइडला बळी पडतात: कॅल्पेन आणि लायसोसोममधली (पेशीच्या पचनाच्या पिशवीतली) कॅथेप्सिनं. म्हणजे ज्याला आपण ‘प्रोटिआसोमची वाट बंद केली’ म्हणतो, त्यात लायसोसोमची वाटही थोडी अडलेली असते. पेशीच्या पडद्यावरून आत खेचलं जाणारं एखादं रिसेप्टर एमजी-१३२ ने वाढलं, तर त्याचं श्रेय प्रोटिआसोमला देण्यापूर्वी थांबायला हवं.

पावडर घ्यावी की तयार द्रावण

पावडरच घ्यावी. डीएमएसओ या द्रावकातलं तयार १० मिलिमोलर द्रावण हाताशी असलं की बरं वाटतं, पण ते किती वेळा वितळलं आणि गोठलं याचा हिशोब राहत नाही, आणि अल्डिहाइड हवेला व ओलाव्याला सोसत नाही. पावडर उणे २० अंशांवर, कोरडी आणि अंधारात ठेवली तर चांगली टिकते. व्हायल फ्रीझरमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडू नये. थंड व्हायल उघडली की हवेतली वाफ आत जमते आणि माल तिथूनच उतरायला लागतो.

हिशोब सोपा आहे. १ मिलिग्रॅम पावडर २१० मायक्रोलिटर डीएमएसओमध्ये विरघळवली की १० मिलिमोलर स्टॉक होतो. ५ मिलिग्रॅमला १.०५ मिलिलिटर. डीएमएसओ निर्जल आणि नुकत्याच फोडलेल्या छोट्या बाटलीतला असावा, कारण तो हवेतलं पाणी ओढतो. स्टॉकचे २० ते ५० मायक्रोलिटरचे भाग करून उणे २० किंवा उणे ८० वर ठेवावेत. एक भाग एकदाच वितळवावा आणि उरलेलं टाकून द्यावं. टाकायला जीवावर येतं, पण ५ मिलिग्रॅममध्ये १० मायक्रोमोलरचं एक लिटरहून जास्त मीडियम होतं, म्हणजे १० सेंटिमीटरच्या शंभरावर डिश. त्यामुळे ही काटकसर कामाची नाही. हातमोजे घालावेतच: द्रव्य पेशींना विषारी आहे आणि डीएमएसओ ते त्वचेतून आत नेतो.

नवा लॉट आला की नमुन्याआधी तो तपासून घ्यावा. त्यासाठी अल्पायुषी प्रोटीन लागतं, आणि इथे पेशींची जात बघून निवड करावी लागते. हेला पेशींमध्ये पी५३ उत्तम, कारण तिथे पॅपिलोमा विषाणूचं ई६ प्रोटीन त्याला सतत प्रोटिआसोमकडे ढकलत असतं. निचरा अडला की पी५३ चटकन वर येतं. एचईके-२९३ मध्ये मात्र हीच कसोटी निरुपयोगी आहे. तिथे अॅडिनोविषाणूच्या ई१बी प्रोटीनमुळे पी५३ आधीच भरपूर साचलेलं असतं. तिथे एचआयएफ-१ अल्फा बघावं: ऑक्सिजन भरपूर असताना ते जवळजवळ दिसत नाही आणि १० मायक्रोमोलर एमजी-१३२ ने चार तासांत ठळक होतं. दोन्हीबरोबर एकूण युबिक्विटिनचा ब्लॉटही टाकावा. माल चांगला असेल तर लेनच्या वरच्या अर्ध्या भागात दाट पट्टा उतरतो. पी५३ किंवा एचआयएफ वाढलं नाही आणि पट्टाही आला नाही, तर स्टॉक गेला असं समजावं. पट्टा आला पण तुमचं प्रोटीन वाढलं नाही, तर मालाला दोष देऊ नये. त्याची कारणं पुढे येतील.

डिशमध्ये टाकताना

पेशी ७० ते ८० टक्के भरलेल्या असाव्यात. अगदी गच्च भरलेल्या डिशमध्ये आधीच ताण असतो आणि परिणाम फिके येतात. स्टॉक थेट डिशमध्ये टाकू नये. डीएमएसओतला थेंब गार मीडियममध्ये पडला की रसायनाचे बारीक कण बाहेर पडतात आणि एका कोपऱ्यातल्या पेशींना शंभरपट मात्रा मिळते. ३७ अंशांना गरम केलेल्या मीडियममध्ये हजारास एक या प्रमाणात मिसळून, व्हायल जोरात हलवून, मग जुनं मीडियम बदलावं. डीएमएसओ ०.१ टक्का राहतो. कंट्रोलच्या डिशलाही तेवढाच डीएमएसओ आणि तेवढंच ताजं मीडियम द्यावं. नुसतं मीडियम बदलल्यानेही काही अल्पायुषी प्रोटीनं हलतात, हे लक्षात असू द्यावं.

वेळ: ०, २, ४ आणि ६ तास. या चार बिंदूंत बहुतेक उत्तरं मिळतात. रात्रभर ठेवण्याची जी सवय दिसते ती सोडावी. आठ-दहा तासांनंतर अनेक पेशी मरायला लागतात, कॅस्पेजं (पेशीमृत्यूची एन्झाइमं) चालू होतात आणि तुम्ही निचरा अडवलेली पेशी न बघता मरणारी पेशी बघत राहता. खात्री करायची असेल तर त्याच ब्लॉटवर पार्प, म्हणजे कॅस्पेजं कापतात ते प्रोटीन, बघावं; ११६ किलोडाल्टनच्या बँडखाली ८९ चा तुकडा आला असेल तर तो वेळबिंदू निकालात धरू नये. मायलोमाच्या पेशी आणि प्राथमिक न्यूरॉन फारच नाजूक असतात. तिथे १ मायक्रोमोलरपासून किंवा त्याहून खालून सुरुवात करून आपली मात्रा ठरवावी.

सगळ्यात जास्त प्रयोग वाया जातात ते लायसिसमध्ये. पेशी फुटल्याबरोबर युबिक्विटिन काढून टाकणारी एन्झाइमं मोकाट सुटतात आणि बर्फावरही साखळ्या कुरतडतात. त्यांतली बरीचशी सिस्टीनवर चालतात, म्हणून बफरमध्ये एन-इथाइलमॅलिमाइड १० ते २० मिलिमोलर हवंच. ते पाण्यात टिकत नाही. आयत्या वेळी इथेनॉलमध्ये विरघळवून टाकावं. बफरमध्ये डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल असेल तर ते सगळं तिथेच खर्ची पडतं, त्यामुळे ही दोन्ही नमुना-बफरमध्येच, म्हणजे शेवटी यावीत. प्रोटिआसोमच्या झाकणावरचं आरपीएन-११ मात्र जस्तावर चालतं, त्याला हे औषध लागू पडत नाही. नमुना मास स्पेक्ट्रोमेट्रीला जाणार असेल तर आयोडोअॅसिटामाइड टाळावं: लायसिनवर त्याचे दोन रेणू चढले की वस्तुमान नेमकं युबिक्विटिनच्या दोन ग्लायसिनांच्या शेपटीएवढं वाढतं आणि खोटे युबिक्विटिन-बिंदू सापडतात.

दुसरी गळती पेलेटची. निचरा अडला की घडी बिघडलेली प्रोटीनं एकमेकांना चिकटतात आणि सौम्य डिटर्जंटमध्ये विरघळत नाहीत. एक टक्का एनपी-४० मध्ये लायसिस करून १५,००० जीवर १५ मिनिटं फिरवलं की ती तळाला बसतात, आणि सवयीने तळ फेकला जातो. मग ब्लॉटवर प्रोटीन वाढण्याऐवजी कमी झालेलं दिसतं आणि ‘एमजी-१३२ ने उलटा परिणाम दिला’ अशी तक्रार येते. पेलेट एकदा बफरने धुवावं, २ टक्के एसडीएसमध्ये उकळावं, डीएनए सोनिकेटरने तोडावा आणि विरघळलेल्या भागाशेजारी त्याच प्रमाणात लोड करावं. पडद्यातून अनेकदा आरपार जाणारी प्रोटीनं ९५ अंशांवर उकळल्यास स्वतःच गठ्ठा होऊन जेलच्या तोंडाशी अडकतात. ती ३७ अंशांवर अर्धा तास ठेवून लोड करावीत.

आणि युबिक्विटिनचा पट्टा आपल्याच प्रोटीनवर आहे हे सिद्ध करायचं असेल तर इम्युनोप्रेसिपिटेशन विकृतीकरण करूनच करावं: लायसेट १ टक्का एसडीएसमध्ये ९५ अंशांवर पाच मिनिटं, मग एसडीएसविरहित बफरने दहापट पातळ, मग अँटीबॉडी. एवढं केलं नाही तर शेजारी चिकटून आलेल्या एखाद्या चॅपरोनवरचं (घडी बसवायला मदत करणाऱ्या प्रोटीनवरचं) युबिक्विटिन आपल्या प्रोटीनच्या नावावर जमा होतं.

बँड वाढला, पण त्याचा अर्थ काय

यासाठी सीएफटीआरचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. १४८० अमिनो आम्लांचं हे क्लोराइडचं दार सिस्टिक फायब्रोसिसच्या बहुसंख्य रुग्णांमध्ये एका फेनिलअॅलनिनने, ५०८ व्या जागेवरच्या, तोकडं असतं. ब्लॉटवर सीएफटीआरचे दोन बँड येतात. खालचा ‘बी’, म्हणजे एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये (प्रोटीनांची घडी बसते त्या पडद्यांच्या जाळ्यात) असलेलं, साध्या साखरेचं. वरचा रुंद ‘सी’, म्हणजे गॉल्जीतून गुंतागुंतीची साखर चढवून बाहेर पडलेलं. उत्परिवर्तित प्रोटीनचा फक्त ‘बी’ दिसतो आणि तोही पटकन विरतो, कारण घडी पक्की होत नाही, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम त्याला सोडत नाही आणि ते मागे खेचून सायटोसोलमधल्या प्रोटिआसोमला दिलं जातं.

१९९५ मध्ये दोन गटांनी पेशींना प्रोटिआसोमची इनहिबिटरं देऊन बघितलं. विघटन मंदावलं आणि युबिक्विटिन चढलेली, वरच्या वजनाची, डिटर्जंटमध्ये न विरघळणारी रूपं साचली. ‘सी’ बँड मात्र आला नाही. मोरीला बोळा घातला की पाणी तुंबतं, म्हणून ते स्वच्छ होत नाही, तसंच हे. १९९८ मध्ये त्याच प्रोटीनवर दिसलं की साचलेला माल सूक्ष्मनलिकांवरून केंद्रकाशेजारी नेला जातो आणि त्याभोवती व्हिमेंटिनचा पिंजरा उभा राहतो. त्याला अॅग्रिसोम हे नाव पडलं. याच्या उलट, पेशी २६ ते ३० अंशांवर वाढवल्या तर ‘सी’ थोडासा दिसायला लागतो, कारण तिथे घडीलाच मदत होते. पुढे जी औषधं उपयोगी पडली ती घडी सावरणारी निघाली. निचरा अडवणारी नव्हेत.

म्हणून एमजी-१३२ च्या ब्लॉटवर एकच वाक्य लिहिता येतं: या प्रोटीनची पातळी प्रोटिआसोमच्या क्रियेवर अवलंबून आहे. ते थेट तिथे जातं का, घडी बिघडल्यामुळे जातं का, की दुसऱ्याच एखाद्या प्रोटीनची पातळी बदलल्याने हे घडलं, यासाठी पुढचे प्रयोग वेगळे करावे लागतात.

पहिला पुढचा प्रयोग सायक्लोहेक्झिमाइडचा. नवं प्रोटीन बनणं ५० ते १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर मात्रेने थांबवावं आणि ०, १, २, ४, ८ तासांना, एमजी-१३२ सह आणि त्याविना, नमुने घ्यावेत. एमजी-१३२ ने वक्र सपाट झाला तर विघटनच अडलं आहे. वक्र तसाच राहिला आणि तरीही आधीच्या ब्लॉटवर प्रोटीन वाढलं होतं, तर वाढ बहुधा उत्पादनातून आली. प्लाझ्मिडवरून, विशेषतः सीएमव्ही प्रमोटरखाली बनवलेल्या प्रोटीनांबाबत हा धोका खरा आहे, कारण प्रोटिआसोम अडल्यावर त्या प्रमोटरवरून होणारं ट्रान्सक्रिप्शन वाढू शकतं. आरटी-क्यूपीसीआरने एमआरएनए मोजून ठेवावा, मोठा वाद वाचतो.

आड येणारे परिणाम

प्रोटिआसोम ही पेशीची अमिनो आम्लं परत मिळवण्याचीही जागा आहे. ती अडली की अमिनो आम्लांची चणचण भासते आणि ताणाच्या काइनेजांमुळे ईआयएफ-२ अल्फावर फॉस्फेट चढून एकूण भाषांतरच मंदावतं. त्यामुळे खरोखर प्रोटिआसोमकडे जाणारं प्रोटीनही कधीकधी वाढत नाही, कारण ते बनणंच थांबलेलं असतं. वर ‘कारणं पुढे येतील’ म्हटलं त्यांपैकी हे एक. दुसरं म्हणजे पेलेटमध्ये गेलेलं प्रोटीन. तिसरं, ते मुळातच लायसोसोमच्या वाटेचं असणं.

मोकळं युबिक्विटिन संपतं हा तितकाच महत्त्वाचा मुद्दा. सगळं युबिक्विटिन साचलेल्या साखळ्यांत अडकलं की पेशी इतर ठिकाणचं काढून घेते, आणि हिस्टोन एच२ए वरचं युबिक्विटिन काही तासांतच गायब होतं. म्हणजे डीएनए दुरुस्ती, जनुकांचं नियंत्रण, पडद्यावरच्या रिसेप्टरांचं आत जाणं, या प्रोटिआसोमशी थेट संबंध नसलेल्या गोष्टीही बिघडतात. युबिक्विटिन चढवून रिसेप्टर आत घेण्याच्या विषयावर काम असेल तर एमजी-१३२ चे निकाल या एका कारणाने संशयास्पद ठरू शकतात.

चॅपरोनांवर काम करणाऱ्यांनी तर फारच जपून वापरावं. घडी बिघडलेली प्रोटीनं साचली की एचएसएफ-१ हे जनुकं चालू करणारं प्रोटीन जागं होतं आणि एचएसपी-७० हे चॅपरोन काही तासांत कितीतरी वाढतं. मग ज्या घडीचा अभ्यास करायचा, ती घडवणारी यंत्रणाच बदललेली असते. ऑटोफॅजीत (पेशी स्वतःचाच माल लायसोसोममध्ये जिरवते त्यात) संपणारं पी६२ सुद्धा वाढतं, त्यामुळे एमजी-१३२ दिलेल्या नमुन्यात पी६२ वाढल्यावरून ‘ऑटोफॅजी अडली’ असं म्हणू नये.

कमी मात्रा देऊन जास्त वेळ ठेवावं, म्हणजे पेशी मरणार नाहीत, ही युक्ती ऐकायला बरी वाटते. पण पेशी गप्प बसत नाही. एनआरएफ-१ हे प्रोटीन एरवी एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलमवरून काढून सतत नष्ट केलं जातं. प्रोटिआसोम अर्धवट अडला की ते वाचतं, डीडीआय-२ त्याला कापतं, ते केंद्रकात जातं आणि प्रोटिआसोमच्या उपघटकांची जनुकं चढवतं. सकाळपर्यंत पेशीने नवे प्रोटिआसोम बनवलेले असतात आणि अल्डिहाइड तर कधीच संपलेलं असतं. पूर्ण मात्रा आणि थोडा वेळ हेच बरं.

दुसरं काय घ्यावं

एमजी-१३२ ने मिळालेलं उत्तर किमान एका वेगळ्या रसायनाने पडताळलंच पाहिजे, आणि त्यासाठी एपॉक्सोमिसिन सर्वांत समाधानकारक आहे. ते थ्रिओनिनचा हायड्रॉक्सिल आणि मोकळा अमिनो गट अशा दोन्हींना धरून कडं बनवतं. सिस्टीन किंवा सेरिनवर चालणाऱ्या एन्झाइमांत त्या जागी मोकळा अमिनो गटच नसतो, म्हणून कॅल्पेन आणि कॅथेप्सिन सुटतात. मात्रा १०० नॅनोमोलर ते १ मायक्रोमोलर. बंध कायमचा, त्यामुळे धुऊन पूर्ववत करता येत नाही, आणि ते महागही आहे. बोर्टेझोमिब बोरोनेट आहे, हळूहळू सुटतं, १० ते १०० नॅनोमोलरवर चालतं आणि सहज मिळतं. रोजच्या पडताळणीला ते पुरतं. लॅक्टासिस्टिन आज घेण्याचं फारसं कारण उरलेलं नाही.

लायसोसोमची शंका असेल तर लायसोसोम अडवणारं बॅफिलोमायसिन ए-१, १०० नॅनोमोलर, चार ते सहा तास, स्वतंत्र डिशमध्ये. त्यात एलसी३-२ हे ऑटोफॅजीची खूण असलेलं प्रोटीन वाढलेलं दिसलं पाहिजे, नाहीतर तो प्रयोग झालाच नाही असं धरावं. प्रोटीन बॅफिलोमायसिनने वाढलं, एमजी-१३२ नेही वाढलं, पण एपॉक्सोमिसिनने हललं नाही, तर वाट लायसोसोमची आहे आणि एमजी-१३२ ने कॅथेप्सिनं अडवून दिशाभूल केली आहे.

निचऱ्याच्या कोणत्या टप्प्यावर प्रोटीन अडतं हे शोधायचं असेल तर शेवटचा टप्पा अडवून भागत नाही. युबिक्विटिन चढण्याआधीच थांबवायचं तर ई१ चं, म्हणजे युबिक्विटिन सक्रिय करणाऱ्या एन्झाइमचं, इनहिबिटर टाक-२४३, १ मायक्रोमोलर. एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममधून प्रोटीन ओढून काढणारं पी९७ अडवायचं तर सीबी-५०८३. ग्लायकोप्रोटीनची साखर छाटून ‘टाकाऊ’ अशी खूण होण्याचा टप्पा अडवायचा तर किफुनेन्सिन. या तिघांशेजारी एमजी-१३२ ठेवलं की चित्र उलगडतं. पी९७ अडलं तर प्रोटीन साखरेसकट पडद्यात अडकून राहतं. एमजी-१३२ ने काही प्रोटीनांचा साखर उतरलेला, थोडा हलका बँड सायटोसोलमध्ये दिसतो, कारण ओढून काढणं आणि साखर तोडणं चालूच राहिलेलं असतं. १९९६ मध्ये सायटोमेगॅलोविषाणूच्या यूएस-११ प्रोटीनवरच्या कामात एमएचसी वर्ग-१ ची जड साखळी प्रोटिआसोम अडवल्यावर नेमकी अशाच रूपात सापडली, आणि माल मागच्या दाराने सायटोसोलमध्ये जातो हे त्यातून पक्कं झालं.

धुऊन काढता येणं हा एमजी-१३२ चा खरा वेगळा गुण, आणि तो फार कमी लोक वापरतात. चार तास अडवावं, गरम मीडियमने तीनदा धुवावं, सायक्लोहेक्झिमाइड घालून ३०, ६० आणि १२० मिनिटांना नमुने घ्यावेत. साचलेलं प्रोटीन पुन्हा उतरू लागलं तर ते अजून विरघळलेलं आणि निचऱ्याला योग्य होतं. उतरलं नाही आणि पेलेटमध्येच बसलं, तर ते अॅग्रिसोमसारख्या गठ्ठ्यात गेलं आहे. एपॉक्सोमिसिनने हा प्रयोग करता येत नाही.

यीस्टवर काम करणाऱ्यांनी मागवण्यापूर्वी एक गोष्ट बघून घ्यावी. साध्या जातीचं यीस्ट एमजी-१३२ आत टिकू देत नाही. पीडीआर-५ हा पंप ते बाहेर फेकतो. पीडीआर-५ वगळलेली जात घ्यावी आणि ५० मायक्रोमोलर किंवा जास्त मात्रा द्यावी. जात बदलणं शक्य नसेल तर अमोनियमऐवजी प्रोलिन हा नायट्रोजनचा स्रोत आणि ०.००३ टक्के एसडीएस असलेल्या मीडियममध्ये पेशी वाढवून मगच इनहिबिटर टाकावं. एवढी तजवीज होत नसेल तर प्रोटिआसोमची तापमान-संवेदनशील उत्परिवर्तितं वापरणं जास्त सोपं पडतं.